तलवार की भाला? मध्ययुगीन हत्यारांबद्दल तुमचे प्रश्न

या वेळच्या पत्रांमधे युरोपातल्या मध्ययुगीन लढायांबद्दल इतके प्रश्न आलेत की सगळं सदर त्यालाच दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि काही उत्तरं लांबलीत कारण विषयच तसा आहे.

प्रश्न : तलवार, कुऱ्हाड, गदा आणि भाला, यातलं युद्धात सगळ्यात परिणामकारक हत्यार कोणतं? आमच्या ग्रुपमधे यावरून जोरदार वाद चालू आहे. गेममधे तर कायम तलवारवालाच जिंकतो. (नाशिक)

उत्तर : एकच नाव पाहिजे असेल तर भाला. भाला म्हणजे त्याचे सगळे भाऊबंद पण धरा, लांब लाकडी दांडा आणि टोकाला पोलाद असलेलं जे जे काही आहे ते सगळं. मला स्वतःला याबद्दल अजिबात शंका नाही. तलवारीचं कौतुक खूप झालं कारण ती महाग होती, कमरेला लावून गावात फिरता यायचं, सरदाराची ओळख होती ती, आणि दरबारात मिरवायला भाला कोण घेऊन जाणार. पण रणांगणावर तलवार बहुतेक वेळा दुसऱ्या नंबरचं हत्यार, म्हणजे भाला मोडला किंवा गर्दी इतकी अंगावर आली की दांडा फिरवायला जागाच उरली नाही की मग म्यानातून बाहेर. भाल्याला लोखंड किती लागतं तर टोकापुरतं, बाकी लाकूड, त्यामुळे शेतकऱ्याला, विणकराला, खाटकाला कुणालाही परवडायचा, आणि समोरच्याची तलवार आपल्यापर्यंत पोचायच्या आधी आपलं टोक त्याच्यापर्यंत पोचतं हा फायदा तर शाळेतल्या पोराला पण कळेल.

याचं सगळ्यात झणझणीत उदाहरण म्हणजे ११ जुलै १३०२, आजच्या बेल्जियममधलं कूर्त्रे. फ्रान्सच्या राजाचं घोडदळ, म्हणजे त्या काळातलं युरोपातलं सगळ्यात मानाचं सैन्य, आणि समोर फ्लँडर्सच्या शहरांमधले विणकर आणि कारागीर लोक पायी उभे. त्यांच्याकडे लांब भाले होते आणि गोडेनडाग नावाचं एक हत्यार होतं, साधारण माणसाच्या उंचीचा जाड सोटा, वरच्या टोकाला लोखंडी कडं आणि त्यातून बाहेर आलेला खिळ्यासारखा सुळका. झोडपता पण येतं आणि भोसकता पण येतं. त्यांनी जागा अशी निवडली की पुढे ओढे आणि चर, घोड्यांना वेग घेताच येईना, आणि जे पलीकडे पोचले त्यांना समोर न हललेली भाल्यांची रांग मिळाली. फ्रेंच सेनापती आर्त्वाचा रॉबर्ट तिथेच पडला, आणि मेलेल्या सरदारांच्या पायातल्या सोनेरी आरी, म्हणजे घोड्याला टोचायच्या टाचेवरच्या आरा, गोळा करून फ्लँडर्सच्या लोकांनी गावच्या चर्चमधे टांगल्या, म्हणून तर त्या लढाईला आजही सोनेरी आरींची लढाई म्हणतात.

आता तुमच्या ग्रुपमधला कुणीतरी म्हणेल की मग भालेवाले कधी हरलेच नाहीत का. हरले ना, आणि वाईट हरले. १२९८ ला फॉलकर्कला विल्यम वॉलेसच्या स्कॉटिश भालाइतांनी गोल करून भाले बाहेर काढले, इंग्लंडच्या घोडेस्वारांना ते फुटेनात, मग पहिल्या एडवर्डनं तिरंदाज पुढे आणले आणि एका जागी दाटीनं उभ्या असलेल्या त्या गोलांवर बाण टाकत राहिला, माणसं पडली, भगदाडं पडली आणि मग घोडदळ आत घुसलं. १३१४ ला बॅनकबर्नला रॉबर्ट ब्रूसकडे तसेच भाले होते, पण त्यानं ते भालेवाले उभे न ठेवता चालवत पुढे नेले, शत्रूला दलदलीच्या अरुंद जागेत कोंडलं, आणि इंग्लिश तिरंदाज बाजूला येऊन बाण सोडायला लागले तर त्यांच्यावर आपले हलके स्वार सोडले. तेच हत्यार, तीच माणसं, सोळा वर्षांच्या अंतरानं एकदा सत्यानाश आणि एकदा स्वातंत्र्य. म्हणून भाला एकटा मोजू नका, शेजारी कोण उभं आहे ते पण मोजा.

स्विस लोकांनी हा धडा फार मेहनतीनं पचवला. त्यांचं मूळ हत्यार हॅलबर्ड, दांड्यावर कुऱ्हाडीचं पातं, वर भोसकायचं टोक आणि मागे आकडा. १३१५ ला मोरगार्टनच्या डोंगरवाटेवर आणि १३८६ ला झेंपाखला त्यांनी ऑस्ट्रियाच्या सरदारांना झोडलं, झेंपाखला तर खुद्द ड्यूक लिओपोल्ड मेला. पण १४२२ ला आर्बेडोला मिलानच्या सरदारांनी घोड्यावरून उतरून लांब भाले हातात घेतले आणि हॅलबर्डवाल्यांना जवळच येऊ दिलं नाही. त्यानंतर स्विसांनी पाइक, म्हणजे पाच मीटरच्या आसपासचा भाला, जास्त संख्येनं घ्यायला सुरुवात केली, बाहेर पाइक आणि आत हॅलबर्ड अशी रचना. याच रचनेनं १४७६ मधे ग्रांसों आणि मुर्टेनला बर्गंडीचा ड्यूक चार्ल्स हरला, आणि ५ जानेवारी १४७७ ला नॅन्सीला मेला. काही दिवसांनी त्याचं प्रेत सापडलं तेव्हा डोकं हॅलबर्डच्या घावानं फुटलेलं होतं. युरोपातला सगळ्यात श्रीमंत आणि आधुनिक सैन्य बाळगणारा राजपुरुष, तोफा बिफा सगळं होतं त्याच्याकडे.

गदा आणि कुऱ्हाड राहिली. पूर्ण पोलादी चिलखत आल्यावर तलवारीची धार त्यावरून घसरायला लागली तेव्हा गदा, हातोडा, कुऱ्हाड यांची किंमत वाढली, कारण चिलखत न फाटता पण आतली कवटी हादरते. पण बघा, पायी लढणाऱ्या सरदारांनी या कुऱ्हाडी-हातोड्यांना पण शेवटी लांब दांडाच लावला.

प्रश्न : लाँगबो चांगलं की क्रॉसबो? इंटरनेटवर सगळे लाँगबोचेच फॅन दिसतात. (कोल्हापूर)

उत्तर : फॅन असण्याला कारण आहे, पण क्रॉसबोवर, म्हणजे लाकडी दांड्यावर आडवं बसवलेलं आणि खटक्यानं बाण सोडायचं जे धनुष्य असतं त्यावर, अन्याय होतो असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी लाँगबो. यू नावाच्या झाडाचं साधारण माणसापेक्षा उंच धनुष्य. १५४५ ला बुडालेलं मेरी रोझ हे इंग्लिश जहाज १९८२ ला वर काढलं, त्यात १३७ अख्खी धनुष्यं आणि साडेतीन हजारांच्या वर बाण मिळाले, आणि त्यावरून कळलं की ही धनुष्यं ओढायला १०० ते १८५ पौंड जोर लागत असणार. म्हणजे साधारण ४५ ते ८४ किलो, आणि ते एकदा नाही, मिनिटाला दहा वेळा, समोरून घोडे येत असताना. हे अंगात यायला लहानपणापासून सराव लागतो, म्हणून तर तिसऱ्या एडवर्डनं १३६३ ला हुकूम काढला होता की सुट्टीच्या दिवशी पुरुषांनी तिरंदाजीचाच सराव करायचा. लाकूड पण पुरेना, तर १४७२ मधे कायदा करून परदेशी जहाजांना मालाबरोबर धनुष्याच्या काठ्या आणणं सक्तीचं केलं. एका हत्यारामागे अख्ख्या देशाची सवय, कायदा आणि व्यापार उभा करावा लागला, हे फॅन लोक विसरतात. दुसऱ्या कुठल्या राज्याला उद्यापासून लाँगबो घेऊ म्हटलं तर घेता येत नव्हतं.

क्रॉसबोचं गणित उलटं. नवीन माणूस थोड्या दिवसांत तयार होतो, ताणून ठेवून शांतपणे नेम धरता येतो, आणि किल्ल्याच्या भिंतीआडून तर याच्यासारखं हत्यार नाही. तोटा म्हणजे वेग. चरकानं ताणायचा पोलादी क्रॉसबो मिनिटाला एक, फार तर दोन बाण. या हत्याराची दहशत मात्र इतकी की ११३९ च्या लॅटरन परिषदेत चर्चनं ख्रिश्चनांविरुद्ध त्याचा वापर करायला बंदी घातली, जी कुणीच पाळली नाही. इंग्लंडचा राजा रिचर्ड, ज्याला सिंहहृदयी म्हणतात, ११९९ ला शालूस नावाच्या एका साध्या गढीसमोर खांद्यात क्रॉसबोचा बाण लागून, जखम चिघळून मेला.

आणि याच रिचर्डनं क्रॉसबो कसा वापरायचा ते दाखवून पण दिलं होतं. धर्मयुद्धात, ११९२ ला पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावरच्या जाफाला त्याच्याकडे घोडे नव्हतेच म्हटलं तरी चालेल. त्यानं भालेवाल्यांना गुडघ्यावर बसवलं, ढाली पुढे, भाले जमिनीत रोवून तिरके, आणि दोन-दोन भालेवाल्यांच्या मधे मागे क्रॉसबोवाला, त्याच्या शेजारी दुसरा माणूस फक्त क्रॉसबो ताणून द्यायला. समोरच्या मुस्लिम सुलतानाचे, सलाउद्दीनचे स्वार पुन्हा पुन्हा आले आणि फळी फुटली नाही. वेगाचा तोटा असा भरून काढला.

क्रेसीचं उदाहरण सगळे देतात, २६ ऑगस्ट १३४६, फ्रान्सच्या बाजूचे जिनोव्हाचे भाडोत्री क्रॉसबोवाले लाँगबोसमोर मोडले. पण हे पण सांगा ना की त्यांच्या पव्हीस, म्हणजे ज्या उंच ढालींच्या आड बसून क्रॉसबो ताणायचा असतो, त्या मागे सामानाच्या गाड्यांवर राहिल्या होत्या आणि त्यांना दिवसभर चालून आल्या आल्या तसंच पुढे ढकललं. ढालीशिवाय क्रॉसबोवाला म्हणजे उघड्यावर बसलेला माणूस. ती हार हत्याराची कमी आणि घाईची जास्त.

लाँगबोवाले पण तयारीशिवाय सापडले तर तेच व्हायचं. १८ जून १४२९ ला पातेला फ्रेंच स्वारांनी इंग्लिश तिरंदाजांना घोडे अडवायचे टोकदार खुंट ठोकून व्हायच्या आधीच गाठलं आणि काही वेळात सगळं संपलं. १४२४ ला वेर्नईला फ्रान्सच्या बाजूचे लोंबार्डीचे चिलखती घोड्यांवरचे स्वार बाणांच्या पावसातून सरळ आरपार गेले. ती लढाई इंग्लंडनं जिंकली, पण पायी हाताघाईत जिंकली, बाणांनी नाही.

प्रश्न : पोलादी चिलखतातून बाण आरपार जायचा का? (ठाणे)

उत्तर : छातीवरच्या चांगल्या पोलादी पत्र्यातून, नाही. अलीकडे इंग्लंडमधे जाणकारांनी १६० पौंडांचं धनुष्य आणि त्या काळच्या पद्धतीनं घडवलेलं छातीचं चिलखत घेऊन प्रयोग केला, बाण आदळून फुटले, घसरले, आत गेले नाहीत. पण फुटलेल्या बाणाच्या चिरफळ्या वर गळ्याकडे उडतात, आणि म्हणून तर खऱ्या चिलखतांवर गळ्याखाली व्ही आकाराची उंच पट्टी बसवलेली दिसते. त्या काळच्या लोहाराला हे बरोबर माहीत होतं.

पण मग बाणांचा उपयोग काय असं विचारू नका. सगळ्यांकडे चांगलं चिलखत कुठे होतं, आणि चेहरा, काख, मांडीची मागची बाजू, आणि घोडा, हे सगळं उघडंच. १३५६ ला प्वातियेला फ्रेंच घोड्यांच्या छातीवर चिलखत होतं, समोरून बाण वाया जायला लागले, तेव्हा इंग्लिश तिरंदाजांना बाजूला नेऊन घोड्यांच्या पुठ्ठ्यांवर बाण मारायला सांगितलं आणि घोडे उधळून स्वतःच्याच लोकांवर गेले. १४०३ ला श्रूझबरीला सोळा वर्षांच्या राजपुत्र हेन्रीच्या चेहऱ्यात बाण सुमारे सहा इंच आत रुतला. दांडी निघाली पण टोक आतच राहिलं, तेव्हा जॉन ब्रॅडमोर नावाच्या शल्यवैद्यानं खास चिमट्यासारखं अवजार बनवून ते काढलं, मध आणि वाइन वापरून जखम भरून आणली, आणि सगळं लिहून पण ठेवलं.

हाच मुलगा पुढे पाचवा हेन्री म्हणून २५ ऑक्टोबर १४१५ ला एजिनकोर्टला जिंकला. तिथे पण बाणांनी फ्रेंच सरदार पटापट मेले असं चित्र डोळ्यापुढे आणू नका. नांगरलेलं शेत, पाऊस पडून गुडघाभर चिखल, दोन्ही बाजूंना झाडी, डोळ्याच्या फटीत बाण जाऊ नये म्हणून मान खाली घालून चालणारी माणसं, अंगावर वीस-पंचवीस किलो पोलाद, आणि मागून आपलेच लोक पुढे ढकलतायत. बाणांनी त्यांना दमवलं, दाटीत कोंबलं, घोडे उधळवले. मारलं ते नंतर, जेव्हा हलक्या कपड्यातले तिरंदाज धनुष्य टाकून हातोडे, कुऱ्हाडी, तलवारी घेऊन बाजूनं घुसले.

आणखी एक गोष्ट इथेच सांगतो कारण ती मला फार महत्त्वाची वाटते. ११९१ च्या अर्सूफच्या मोहिमेबद्दल सलाउद्दीनच्या बाजूचा इतिहासकार बहाउद्दीन यानं स्वतः पाहून लिहिलंय की फ्रँक, म्हणजे युरोपातून आलेल्या ख्रिश्चन पायदळाच्या अंगावर जाड नमदा, म्हणजे लोकर दाबून केलेलं कापड, आणि कडीचं चिलखत होतं, आणि एकेका माणसाच्या पाठीत दहा-दहा बाण रुतलेले असताना तो रांगेत चालतच होता. म्हणजे नमदा आणि कडी मिळून पण खूप काही करता यायचं.

प्रश्न : मी लेस्टरला राहते. इथे इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याचा सांगाडा कार पार्कखाली सापडला ते माहीत आहे, पण त्यावरून तो कुठल्या हत्यारानं मेला ते कळतं का? (लेस्टर, इंग्लंड)

उत्तर : बऱ्यापैकी कळतं. २२ ऑगस्ट १४८५ ला बॉसवर्थला तो मेला, सांगाडा २०१२ ला मिळाला, आणि तपासणीत मृत्यूच्या वेळच्या अकरा जखमा दिसल्या, त्यातल्या नऊ कवटीवर. म्हणजे शिरस्त्राण निघालेलं होतं. जीव घेणारी जखम बहुधा कवटीच्या खालच्या-मागच्या बाजूची, तिथला मोठा तुकडा उडालाय, आणि तज्ज्ञांच्या मते ते काम जड पात्याचं, तलवार किंवा हॅलबर्ड किंवा बिल. बिल हे इंग्लंडच्या शेतकऱ्यांचं झाडं-कुंपण छाटायचं कोयत्यासारखं अवजार, त्याला लांब दांडा लावला की झालं लढाईचं हत्यार. इंग्लंडचा राजा, आणि मारणारं अवजार कदाचित कुंपण छाटायचं.

तुम्ही तिथेच आहात तर यॉर्कशरमधल्या टाउटनबद्दल पण वाचा, २९ मार्च १४६१, बर्फात झालेली लढाई. १९९६ ला तिथे सामुदायिक कबर मिळाली आणि त्यातल्या बहुतेकांच्या जखमा डोक्यावर होत्या, एकेकाच्या कवटीवर कितीतरी. याउलट १३६१ च्या स्वीडनमधल्या विस्बीच्या कबरींमधे, जिथे हजारावर माणसं पुरली आहेत, पायांवरच्या जखमा भरपूर, कारण त्या गावकऱ्यांकडे वर ढाल आणि जुनं चिलखत होतं पण पाय उघडे. हाडं खोटं बोलत नाहीत, बखरकार बोलू शकतो.

प्रश्न : चिलखत घातलेला नाइट पडला की त्याला उठता यायचं नाही, आणि त्यांच्या तलवारी दहा किलोच्या असायच्या, खरं का? (अकोला)

उत्तर : दोन्ही चूक. एकहाती तलवार एक ते दीड किलोची, दोन हातांची मोठी पण साधारण तीन किलोच्या आसपास. चिलखत वीस-पंचवीस किलो, पण वजन सगळ्या अंगावर वाटलेलं, त्यामुळे धावता, उठता, घोड्यावर चढता यायचं. दम मात्र लवकर लागतो, हे खरं.

प्रश्न : आपला दांडपट्टा घेतलेला मावळा आणि युरोपातला नाइट, लढाई झाली तर? (सातारा)

उत्तर : प्रश्न मनापासून विचारलाय म्हणून मनापासून उत्तर देतो. या दोघांची गाठ पडणं शक्य नाही, शिवाजी महाराजांच्या काळात युरोपात नखशिखान्त चिलखत घालून लढणं जवळपास संपलं होतं. पट्टा उघड्या किंवा हलक्या चिलखताच्या माणसांविरुद्ध, गर्दीत घेरलं गेल्यावर भयंकर हत्यार, हात कोपरापर्यंत झाकलेला, पातं लांब आणि लवचिक, पण पोलादी पत्र्यावर ते घसरणारच, आणि त्यात पट्टा कमी पडला असं काही नाही कारण तो त्यासाठी बनलाच नव्हता. संग्रहालयांतल्या कितीतरी पट्ट्यांची पाती मुळात युरोपातून आलेली आहेत, हे पण लक्षात घ्या. आणि मराठ्यांकडे पण दांड्याचं हत्यार होतंच, भाला होता, विटा होता, ज्याला दोरी बांधलेली असते, फेकायचा आणि ओढून परत हातात घ्यायचा. कोल्हापूरकडे मर्दानी खेळात आजही बघायला मिळतो, जरूर बघा.

प्रश्न : बंदुका-तोफा आल्यावर हे सगळं लगेच बंद पडलं का? (पणजी)

उत्तर : लगेच अजिबात नाही. तोफांनी आधी भिंती पाडल्या, १४५३ ला कॉन्स्टँटिनोपल पडलं त्यात मोठ्या तोफांचा वाटा आहेच. त्याच वर्षी १७ जुलैला फ्रान्समधे कास्तियोंला इंग्लिश सेनापती टाल्बट तोफा लावून बसलेल्या छावणीवर चालून गेला आणि त्याचं सैन्य उद्ध्वस्त झालं. त्याच्याही आधी, १४२० च्या दशकात बोहेमियात, म्हणजे आजच्या चेकियात, यान झिझ्का या सेनापतीनं गाड्या साखळीनं बांधून त्यांचा कोट केला आणि आत हातबंदुका, क्रॉसबो आणि धान्य झोडपायच्या अवजारांना लोखंड लावून तयार केलेली हत्यारं घेतलेले शेतकरी बसवले, आणि एकामागून एक आलेली धर्मयुद्धाची सैन्यं परतवली. पण बंदूक भरायला वेळ लागतो, तेवढ्यात घोडदळ आलं की काय करणार, म्हणून बंदूकवाल्यांच्या भोवती पाइकवाले उभे करावे लागले, आणि हे १७०० च्या आसपास बंदुकीला संगीन लागेपर्यंत चालू होतं.

प्रश्न : ही हत्यारं प्रत्यक्ष कुठे बघता येतील? मुलाला घेऊन जायचंय. (डोंबिवली)

उत्तर : तुम्हाला सगळ्यात जवळचं म्हणजे मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, शस्त्रांच्या दालनात अकबराचं छातीचं चिलखत आणि ढाल आहे. पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय, कोल्हापूरचा नवा राजवाडा आणि हैदराबादचं सालारजंग पण चांगलं. युरोपात कधी जाणं झालं तर लीड्सचं रॉयल आर्मरीज, लंडनचं वॉलेस कलेक्शन, मेरी रोझची धनुष्यं बघायला पोर्ट्समथ, आणि ऑस्ट्रियात ग्राझचं शस्त्रागार, तिथे हजारो हत्यारं जुन्या कोठारातच रचून ठेवलीत. मुलाला नक्षीकामाच्या तलवारींसमोर जास्त वेळ थांबवू नका, साध्या भाल्यांकडे आणि हॅलबर्डकडे न्या, दांड्याची लांबी त्याच्या स्वतःच्या उंचीशी मोजायला सांगा, आणि चिलखतावर कुठे पोचे पडलेत ते शोधायला लावा.